पाव गोळीचा हिशेब

मांजराच्या पोटातल्या जंतांवर मराठीत पुस्तिका निघावी, आणि तीही औषधाला दाद न देणाऱ्या जंतांवर, हे काही वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. मांजर हे आपल्याकडे पाळलेलं जनावर आहे की घरात नुसतंच वावरणारं, याचाच अजून निकाल लागलेला नाही. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या तर मोजल्याच, शिवाय कुत्री, ससे, याक आणि हत्तीही मोजले. मांजराला त्यात रकाना नाही. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना लोकांच्या तोंडी आजही ‘गुरांचा दवाखाना’ आहे आणि तिथल्या डॉक्टरांचा दिवस लसीकरण, कृत्रिम रेतन आणि अडलेली म्हैस यांत जातो. त्यात चूक काही नाही. शेतकऱ्याचं पोट म्हशीवर आहे, बोक्यावर नाही. पण त्यामुळे मांजराचं आजारपण सरळ औषधाच्या दुकानात जातं. तिथे काउंटरवर एक पाकीट मिळतं, गोळी मोडली जाते, आणि महिन्याभराने तक्रार येते की औषध लागू पडत नाही.

ही प्रस्तावना त्या तक्रारीबद्दल आहे.

शिळफाटा म्हणजे इथे खोपोलीचा, मुंब्र्याकडचा नव्हे. दोन्ही नावं सारखी असल्याने फोनवर घोळ होतो म्हणून आधीच सांगून टाकतो. बोरघाट उतरून जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर आलं की लागणारा हा फाटा. एकीकडे खालापूर तालुक्याची गावं, दुसरीकडे कर्जतचा रस्ता, मधे कारखाने, गोदामं, टायरवाले, किराणा आणि मासळी. इथल्या मांजरांचे ढोबळ तीन वर्ग पडतात. पहिला दुकानातल्या आणि गोदामातल्या मांजरांचा. धान्याच्या पोत्यांत उंदीर होऊ नयेत म्हणून ती ठेवलेली असतात, खायला मिळालं तर मिळालं. दुसरा वाड्या-पाड्यांवरच्या मांजरांचा, जी ठाकरवाडीत, कातकरवाडीत चुलीशेजारी झोपतात आणि भाताच्या खाचरात शिकार करतात. तिसरा वर्ग गेल्या वीसेक वर्षांतला. मुंबई-पुण्याच्या माणसांनी कर्जत-खालापुरात फार्महाऊसं बांधली, आणि शनिवारी मोटारीतून पिंजऱ्यात घालून पर्शियन मांजरं यायला लागली. या तिन्ही वर्गांच्या पोटातले जंत वेगळे असतात, त्यांची कारणं वेगळी असतात. औषध मात्र एकाच पाकिटातलं दिलं जातं.

वर पाऊस. रायगडचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ पासून सुटणारं पाणी पाताळगंगेला भर उन्हाळ्यातही वाहतं ठेवतं, त्यामुळे काठची जमीन मे महिन्यातसुद्धा पुरती कोरडी होत नाही. अंकुशकृमीच्या अळीला हवी असते सावली, ओल आणि मऊ माती. शीतून पडलेल्या अंड्यातून अशा हवेत एक-दोन दिवसांत अळी बाहेर येते आणि आठवडाभरात दुसऱ्या जनावरात शिरायला तयार होते. तोंडावाटे शिरते, आणि पायाच्या कातडीतूनही. मांजराला शी उकरून झाकायची सवय असते आणि त्यासाठी त्याला भुसभुशीत जागा लागते. बांधकामाच्या वाळूच्या ढिगाइतकी आवडती जागा त्याला दुसरी नाही, आणि अशा ढिगांना आपल्या भागात तोटा नाही.

आता तक्रारीकडे. औषध लागू पडत नाही म्हणून येणाऱ्या मांजरांत फार मोठा वाटा असतो तो शेपटीखाली भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसणाऱ्यांचा. ताजे असताना हे तुकडे हलतात, आखडतात, लांबतात. वाळले की पिवळट होऊन केसांना चिकटतात. हा डायपायलिडियम नावाचा पट्टकृमी. त्यावरचं प्राझिक्वांटेल हे औषध फार चांगलं आहे, काही तासांत काम करतं. पण ते काम संपलं की शरीरातून निघूनही जातं, पुढच्या महिन्याची राखण करत बसत नाही. आणि हा कृमी मांजराला मिळतो पिसवेतून. जमिनीवर पडलेल्या तुकड्यातली अंडी पिसवेची अळी खाते, ती अळी मोठी होऊन पिसू होते, मांजर अंग चाटताना पिसू गिळतं, आणि दोन-तीन आठवड्यांत नवे तुकडे शेपटीखाली हजर. पिसू कोशात असताना महिनोन्‌महिने थांबू शकते. गोदामातल्या गोणपाटात, सोफ्याच्या फटीत, दारातल्या पायपुसण्यात ती असते. गोळीने पोट साफ झालं, घर नाही झालं. मालकाला मात्र दिसतं ते एवढंच की तीन आठवड्यांपूर्वी पैसे खर्च केले आणि आज पुन्हा तेच. यात जंताने औषधाला दाद दिली नाही असं काही घडलेलं नाही. जुने मेले, नवे आले.

इथे एक गोष्ट आडवळणाने पण ठासून सांगायला हवी. पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब मिळतात, त्यांतल्या काहींत परमेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते नीट मोडू शकत नाही. कुत्र्याचं उरलेलं औषध मांजराला लावलं आणि ते थरथरत, झटके येऊन मेलं, असे प्रकार जगभर नोंदलेले आहेत. जंताच्या नादात मांजर घालवू नका.

दुसरं कारण उंदराचं. खाचरातल्या उंदराच्या यकृतात पांढरी गाठ असते, ती मांजराच्या पोटात गेली की तिचा दुसऱ्या जातीचा पट्टकृमी होतो. शिकारी मांजराला हा वारंवार होणार, आणि शिकार बंद करायला सांगणं म्हणजे गोदामवाल्याला मांजर ठेवू नको म्हणण्यासारखं आहे. तिसरं कारण आईच्या दुधाचं. मांजराचा गोलकृमी, टॉक्सोकारा कॅटी, भाटीच्या अंगात अळीच्या रूपात दडून राहतो आणि विल्यावर दुधातून पिल्लांना जातो. कुत्रीचा गोलकृमी गर्भातच पिल्लाला गाठतो, मांजरीत तसं होत नाही, म्हणून पिल्लांना औषध तिसऱ्या आठवड्यापासून आणि मग दर पंधरा दिवसांनी द्यायचं असा क्रम जगभर सुचवतात. एकदाच देऊन थांबलं की पिल्लाचं पोट पुन्हा फुगतं. त्यात गोळीचा दोष नसतो. आईच्या अंगात दडलेल्या अळ्यांपर्यंत गोळी पोचतच नाही, आणि दूध तर रोज चालू असतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग प्रश्न उरला कुठे? सगळंच पुन्हा झालेलं दुखणं. हा सूर पशुवैद्यांतही मोठा लोकप्रिय आहे. तो सोयीचाही आहे, कारण त्यात दोष मालकाच्या पिसवांना जातो. पण याच सुराने अमेरिकेत एकदा चांगलंच फसवलं, त्याकडे येतोच. आधी गोळीकडे पाहू.

कुत्र्यांसाठीची जंताची जी तिहेरी गोळी सगळीकडे मिळते, तिच्यात साधारणपणे ५० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल, १४४ मिलिग्रॅम पायरँटेल एम्बोनेट आणि १५० मिलिग्रॅम फेबँटेल असतं. ही दहा किलोच्या कुत्र्याला एक. मांजर अडीच किलोचं, म्हणून पाव गोळी. हिशेब अगदी बरोबर वाटतो आणि पट्टकृमीपुरता तो बरोबर आहेही, साडेबारा मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल म्हणजे किलोला पाच मिलिग्रॅम. पण मांजरांसाठी म्हणून जी गोळी बनवतात ती पाहा. चार किलोला एक, आणि तिच्यात २० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल, २३० मिलिग्रॅम पायरँटेल एम्बोनेट. म्हणजे मांजराला पायरँटेल किलोमागे साडेसत्तावन्न मिलिग्रॅम लागतं, कुत्र्याला चौदा-साडेचौदा. अडीच किलोच्या मांजराला लागणार १४४ मिलिग्रॅम, आणि कुत्र्याच्या पाव गोळीतून मिळतं ३६. बरोबर एक चतुर्थांश. फेबँटेलची थोडी भर पडत असेल, पण गोलकृमी आणि अंकुशकृमीवरचा जो मुख्य मारा, तो पाव झाला. त्यात गोळी सुरीने कापताना एक तुकडा मोठा, एक लहान. लहान तुकडा माशात घालून दिला, मांजराने मासा खाल्ला आणि तुकडा ताटलीत ठेवला. वजन तर कुणी केलेलंच नसतं. ‘असेल दोन-अडीच किलो’ म्हणून दिलेलं बोकं काट्यावर ठेवलं की पाच किलोचं निघतं.

अर्धवट मात्रेचं नुकसान दुहेरी आहे. आजच्या मांजराला गुण येत नाही हे एक. दुसरं सावकाश घडणारं. जंतांच्या कोणत्याही गर्दीत थोडे औषधाला जरा टणक असतात. पुरी मात्रा त्यांतल्याही बहुतेकांना घेऊन जाते. अपुरी मात्रा फक्त लेच्यापेच्यांना मारते आणि टणकांना मोकळं रान देते. पुढची अंडी त्यांची.

शेळीपालकांना हे नवीन नाही, निदान त्यांच्या डॉक्टरांना तरी नाही. थायाबेंडाझोल हे फेबँटेलच्या वर्गातलं पहिलं मोठं औषध १९६१ साली मेंढ्यांसाठी बाजारात आलं, आणि तीनच वर्षांत अमेरिकेत केंटकीमध्ये त्याला न जुमानणारे जंत सापडले. भारतात मेंढ्यांच्या हिमोंकस या रक्तपित्या कृमीत अशी नोंद १९७६ साली छापली गेली. शेळीची गंमत अशी की तिचं शरीर ही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून तिला मेंढीपेक्षा जास्त मात्रा लागते. हे कळेपर्यंत जगभर शेळ्यांना मेंढ्यांचाच डोस दिला गेला, आणि औषधाला निर्ढावलेले जंत शेळ्यांत वाढले. एका जनावराचा डोस दुसऱ्याला मापून देण्याची आपली पाव गोळी त्याच जातीची आहे. फरक इतकाच की शेळी मेली तर घरात ओरड होते.

आता अमेरिकेची गोष्ट. फ्लोरिडात ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती चालत. शेकडो कुत्री वाळूच्या आवारात ठेवलेली, वाळूत अंकुशकृमी असणारच, म्हणून त्यांना वर्षानुवर्षं ठरावीक मुदतीने जंताचं औषध पाजलं जाई, कधी हे, कधी ते. तरी शीत अंडी दिसतच. त्यावर वैद्यांचं ठरलेलं उत्तर होतं की कुत्र्याच्या स्नायूंत झोपलेल्या अळ्या आतड्यातली जागा रिकामी होताच तिथे उतरतात, त्यामुळे औषधानंतर अंडी पुन्हा दिसतात. हे खोटं नव्हतं, अळ्यांचं असं उतरणं खरोखर होतं. पण त्या खऱ्या गोष्टीच्या आड दुसरी खरी गोष्ट लपली. २०१८ च्या नोव्हेंबरात फ्लोरिडाच्या मतदारांनी या शर्यती बंद करण्याच्या बाजूने कौल दिला, शर्यतीची कुत्री घराघरांत दत्तक जायला लागली, आणि त्यांच्या पोटातले जंतही गेले. २०१९ साली जॉर्जिया विद्यापीठातल्या रे कॅप्लन यांच्या गटाने दाखवून दिलं की हे अंकुशकृमी फेबँटेलच्या वर्गाला, पायरँटेलला आणि आयव्हरमेक्टिनच्या वर्गाला, अशा तिन्ही औषधांना दाद देत नाहीत. २०२३ साली अमेरिकाभरच्या पाळीव कुत्र्यांच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा अंकुशकृमी असलेल्या जवळपास निम्म्या नमुन्यांत औषध निष्प्रभ करणारा एक ओळखीचा बदल सापडला. बदल एवढासाच असतो. जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनातला एक दुवा पालटतो आणि औषधाला धरायला जागा उरत नाही. पट्टकृमीचंही असंच एक प्रकरण आहे. २०१८ साली आयोवातल्या संशोधकांनी कुत्र्यांतल्या डायपायलिडियमची उदाहरणं छापली, प्राझिक्वांटेलची मात्रा वाढवून वाढवून दिली तरी न जाणारी. म्हणजे ‘पिसवाच असतील’ हे दहातल्या नऊ वेळा खरं ठरतं आणि दहाव्या वेळी तेच वाक्य डोळ्यांवर पट्टी बांधतं.

हे कुत्र्यांचं झालं, मांजराचं काय, असं विचारणाऱ्याने मुंबईकडे पाहावं. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या आणि परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयातल्या संशोधकांनी मिळून भारतातल्या चार ठिकाणच्या ४११ भटक्या आणि आश्रयगृहातल्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिक्कीम, दिल्ली, लडाख आणि मुंबई. मुंबईच्या कुत्र्यांपैकी ४८.८ टक्क्यांत अंकुशकृमी होते. जनुकीय तपासणीत त्यांत दोन जाती निघाल्या, एक कुत्र्यांची नेहमीची, दुसरी अँकायलोस्टोमा सिलॅनिकम. ही दुसरी जात १९११ साली श्रीलंकेतल्या एका उदमांजरावरून वर्णिली गेली. ती पश्चिमेला मुंबईपर्यंत आहे हे या अभ्यासाने पुढे आणलं. ती कुत्र्याच्या पोटात राहते, मांजराच्याही राहते, आणि माणसाच्या आतड्यातही पुरती मोठी होऊन रक्त पिते. कुत्र्या-मांजरांच्या बाकीच्या अंकुशकृमींची गत माणसात बहुधा कातडीखाली नागमोडी रेघा उठवण्यापलीकडे जात नाही. मुंबईहून खोपोलीला लोकल येते, तसा हा कृमीही आला असेल की नाही हे शीत पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण ओल, माती आणि अनवाणी पाय या तिन्ही गोष्टी त्याच्या सोयीच्या आहेत.

इथे मांजराचं औषध आणि शाळेतल्या पोराचं औषध एकमेकांना भेटतात. फेब्रुवारी २०१५ पासून केंद्र सरकार राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतं, १० फेब्रुवारीला आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा ऑगस्टमध्ये. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी मिळते, अगदी लहानांना अर्धी. मोहीम चांगली आहे, ती चालायलाच हवी. पण अल्बेंडाझोल आणि कुत्र्या-मांजरांच्या गोळीतलं फेबँटेल हे एकाच घराण्यातलं. ज्या कृमीला दोन्ही घरं चालतात, त्याला एकाच मुठीचा मार दोन्हीकडून बसतो. मार पुरा बसत असेल तर उत्तम. अर्धवट बसत असेल तर दोन्हीकडून अर्धवट. आणि शाळेतून उरलेली गोळी मांजराला द्यायचा मोह कुणाला झाला तर तो आवरावा. अल्बेंडाझोलने मांजराच्या हाडांतल्या मगजावर, म्हणजे रक्त तयार होण्याच्या जागेवरच, घाव घातल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

मग सगळ्या मांजरांना, भटक्यांनासुद्धा, दर महिन्याला पकडून पुरी मात्रा द्यावी काय? प्राणिमित्रांना हे पटतं, मला पटत नाही, आणि त्याचं कारण जरा उलटं आहे. औषध कधीच न मिळालेल्या मांजरांच्या पोटात जे जंत असतात, ते बहुतांशी औषधाला नाजूक असतात. शिळफाट्याच्या मासळीवाल्याच्या पायाशी फिरणारा बोका गावभर अशा नाजूक जंतांची अंडी टाकत असतो. गोळी खाल्लेल्या मांजरातून एखादा टणक जंत वाचलाच, तर त्याची संतती या गर्दीत मिसळते आणि विरळ होते. मेंढ्यांच्या शास्त्रात ही राखीव गर्दी मुद्दाम सांभाळतात, कळपातली काही जनावरं औषधाविना ठेवतात. उलट बंद पैदासगृह पाहा, जिथे वीस-तीस पर्शियन मांजरं एका फरशीवर राहतात आणि सगळ्यांना एकाच दिवशी तेच औषध मिळतं. तिथे बाहेरचा जंत येत नाही, वाचलेला टणकच काय तो वाढतो. फ्लोरिडाच्या वाळूत हेच झालं. त्यामुळे औषधाला न जुमानणारा जंत खालापुरात यायचाच असेल तर तो उकिरड्यावरच्या मांजरातून येण्यापेक्षा शनिवारी मोटारीतून येण्याची शक्यता मला अधिक दिसते. बोक्याला आजार असेल तर त्याला जरूर औषध द्यावं. पण कॅलेंडर पाहून सरसकट देऊ नये.

मोटारीतून येणाऱ्या मांजरांचं आणखी एक दुखणं आहे, ते जंतांचं नाही, एकपेशीय जिवाचं. महिनोन्‌महिने पातळ, दुर्गंधीची शी, मधूनच रक्त, पण मांजर खातंय-खेळतंय. असं जातिवंत तरुण मांजर आलं की ट्रायट्रायकोमोनास आठवावा. हा जीव गुरांत गर्भपात घडवणारा म्हणून फार जुना माहितीतला. मांजराच्या मोठ्या आतड्यात तो जुलाब घडवतो हे उत्तर कॅरोलिनातल्या जोडी गुकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट केलं. त्यावर भरवशाचं औषध एकच, रोनिडाझोल, आणि त्याची मात्रा थोडी चढली की मांजराच्या मेंदूवर परिणाम होतो. २०१० साली गुकिन यांच्याच गटाने रोनिडाझोललाही न जुमानणारे नमुने दाखवले. म्हणजे इथे दुसरा हात टाकायला फारसं काही नाही. आणि आपल्याकडे अशा जुलाबावर पहिलं काय देतात? मेट्रोनिडाझोल. जुलाब झाले, मेट्रो. थांबले, गोळी बंद. पुन्हा झाले, पुन्हा मेट्रो. जिआर्डिया या दुसऱ्या एकपेशीय जिवावर ते चालतं, निदान चालायचं. पण जिआर्डियाची पुटी मांजराच्या स्वतःच्या मागच्या केसांना चिकटलेली असते, ते चाटलं की खेळ पुन्हा सुरू, आणि प्रयोगशाळांत या औषधाला सरावलेले जिआर्डिया केव्हाच वाढवून दाखवले गेलेत. शिवाय हे औषध इतकं कडू की मांजराच्या तोंडाला फेस येतो, निम्मं बाहेर गळतं, मांजर सोफ्याखाली जातं आणि मालक म्हणतो, दिलं औषध. किती पोटात गेलं, कुणास ठाऊक. पुन्हा तीच पाव गोळी.

या सगळ्यातून सुटायची वाट स्वस्त आहे. फक्त तिला वास येतो. गोळीच्या आधी शी तपासायची आणि गोळीनंतर पुन्हा तपासायची. पुढच्या पानांत हे सविस्तर आहे, तरी इथे एकदा सांगतो, कारण एकदा समोर करून पाहिलं की भीड मोडते. सुपारीएवढी ताजी शी घ्यायची. मीठ विरघळायचं थांबेल इतकं खारट पाणी करून त्यात ती कालवायची, चहाच्या जुन्या गाळणीने गाळायची. ते पाणी लहान काचनळीत काठोकाठ, किंचित फुगवटा येईल इतकं भरायचं आणि वर काचेची पातळ चकती अलगद ठेवायची. मीठपाणी अंड्यांपेक्षा जड, त्यामुळे अंडी वर चढतात आणि चकतीला खालून चिकटतात. दहा-पंधरा मिनिटांनी चकती सरळ वर उचलून काचपट्टीवर ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाच्या लहान भिंगाखाली पाहायची. अंकुशकृमीचं अंडं पातळ कवचाचं, लंबगोल, आत मोजता येतील इतक्या पेशी. टॉक्सोकाराचं त्याहून जाड, काळपट, कवचावर खड्डे. खोपोलीतल्या कुठल्याही कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एवढी सामग्री असते. मग मांजराचं वजन करून, मांजरासाठीचं औषध, पुऱ्या मात्रेत. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तेच. अंडी मोजायची साधी चौकटीची काचपट्टी मिळते. तिच्यावर आधीचा आणि नंतरचा आकडा काढला की वाद मिटतो. चांगल्या चालणाऱ्या औषधाने अंडी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक घटायला हवीत. चौदा दिवसांत घटलीच नाहीत तर ‘वाळूतून पुन्हा झाले असतील’ हे म्हणायला फारशी जागा उरत नाही, कारण नव्या अळीला मोठं होऊन अंडी घालायला त्याहून जास्त दिवस लागतात. उलट चौदाव्या दिवशी शी स्वच्छ आणि दोन महिन्यांनी पुन्हा अंडी, तर पाकीट निर्दोष. मग वाळू, उंदीर, पिसवा यांच्याकडे वळायचं.

यातल्या अडचणीही खऱ्या आहेत. शी बाहेर मातीतून उचलली तर तिच्यात मातीतले निरुपद्रवी सूत्रकृमी मिसळतात आणि नवखा माणूस घाबरतो. दमट हवेत नमुना दिवसभर ठेवला तर अंकुशकृमीची अंडी फुटून अळ्या होतात आणि मोजणी बिघडते, म्हणून तो थंड ठेवायचा, म्हणजे फ्रिजमध्ये. घरात हा प्रस्ताव मांडताना काय होतं ते ज्याने त्याने पाहून घ्यावं. घट्ट झाकणाची डबी आणि वर दुसरी पिशवी, एवढी तडजोड बहुतेक घरांत चालते. डायपायलिडियमची अंडी तुकड्यातच बंद असल्यामुळे मीठपाण्यात सहसा दिसत नाहीत. तिथे शेपटीखालचा तुकडा हाच पुरावा, तो स्पिरिटच्या बाटलीत टाकून आणावा. आणि जिआर्डियाची पुटी मिठाने सुरकुतते, तिला झिंक सल्फेटचं पाणी लागतं.

ही पुस्तिका ज्यांनी लिहिली त्यांच्याशी माझं एका मुद्द्यावर शेवटपर्यंत जमलं नाही. नवीन औषधांना त्यांनी एक प्रकरण दिलं आहे, त्यात इमोडेप्साइडला बरीच जागा आहे. जपानमध्ये कॅमेलियाच्या पानांवर सापडलेल्या एका बुरशीतून त्याची वाट निघाली, २००५ मध्ये युरोपात ते मांजराच्या मानेवर टाकायच्या थेंबांतून आलं, आणि आज अमेरिकेत तिन्ही औषधांना न जुमानणारे अंकुशकृमी कुत्र्यांतून घालवायला तिथले पशुवैद्य, कुत्र्यांसाठी मान्यता नसतानाही, हेच मांजराचं औषध वापरतात. गोष्ट रंजक आहे, लिहायलाही हवी. पण माझं म्हणणं असं की हे प्रकरण शेवटी टाका आणि त्याआधी वजनाचा काटा येऊ द्या. लेखकांचं म्हणणं की वाचक नवीन औषधासाठीच पुस्तक उघडेल, काट्यासाठी नाही. बहुधा त्यांचंच बरोबर असेल. त्यामुळे प्रकरणांचा क्रम त्यांचा राहिला. मात्र शेवटच्या पानावरचा मात्रेचा तक्ता माझ्या हट्टावरून मोठ्या अक्षरांत छापला आहे, औषधाच्या दुकानात भिंतीवर लावता येईल असा. त्यात कुत्र्याच्या गोळीचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही.